मैदान कुणाच्या मापाचं?

७ ऑगस्ट २०२१. आपल्याकडे अजून नीट उजाडलंही नव्हतं, आणि देशभरात कितीतरी घरांत लोक टीव्हीपुढे बसून एक असा खेळ बघत होते, ज्याचे नियम त्यांतल्या बहुतेकांना धड माहीत नव्हते. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या गोल्फचा शेवटचा दिवस होता. बंगळुरूची २३ वर्षांची अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. जागतिक क्रमवारीत तिचा नंबर होता २००वा, आणि तिच्या खेळाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालत होती तिची आई, माहेश्वरी. चार दिवस, चार फेऱ्या, ७२ होल खेळून झाल्यावर कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. साठ जणींत अदिती चौथी आली. त्या सकाळी गोल्फ हा शब्द पहिल्यांदाच आपल्या घराघरांत चहाबरोबर बोलला गेला.

ज्या मैदानावर हे घडलं, त्याची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. कासुमिगासेकी कंट्री क्लब हे १९२९ सालचं मैदान. तिथं मार्च २०१७ पर्यंत बायकांना पूर्ण सभासदत्व मिळत नव्हतं आणि रविवारी खेळताही येत नव्हतं. ऑलिंपिक समितीनं विचारणा केली, टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी उघड नाराजी व्यक्त केली, तेव्हा कुठे क्लबनं नियम बदलला. म्हणजे अदिती जिथं जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या तोडीस तोड खेळली, तिथं जेमतेम साडेचार वर्षांपूर्वी एखाद्या जपानी बाईला बरोबरीच्या नात्यानं सभासद होता येत नव्हतं.

दार उघडलं की स्वागत झालं, असं आपण सहज धरून चालतो. गोल्फचा इतिहास वाचताना मात्र कळतं की दाराच्या पुढे आणखी एक गोष्ट असते: आतलं मैदान कुणाच्या मापानं आखलंय? हा प्रश्न सोडवण्याची जी युक्ती गोल्फपाशी आहे, ती खेळांच्या जगातली एक थक्क करणारी युक्ती आहे. आणि ती पक्की केली बायकांनीच.

नेरमध्ये गोल्फचं मैदान नाही. अमरावती–यवतमाळ रस्त्यावरचा हा आपला तालुका कापूस, तूर आणि सोयाबीनचा. पण नेरच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळलेल्या मुलीला हा प्रश्न आधीपासून कळतो. मोठ्या पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, बायकांचं १२ बाय ८. व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांना २.४३ मीटर, बायकांना २.२४. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, बायकांचा ४ किलोचा. शरीर वेगळं, म्हणून माप वेगळं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण कस तेवढाच लागतो. मात्र या सगळ्या खेळांत माप वेगळं झालं की सामनाही वेगळा होतो. बायकांचा बायकांशी, पुरुषांचा पुरुषांशी. गोल्फनं इथं एक पाऊल पुढं टाकलं. माप वेगळं ठेवूनही एकाच सामन्यात, एकाच वेळी, दोघांना खऱ्या अर्थानं समोरासमोर खेळता येतं.

हे कसं होतं ते बघायला एका होलपाशी उभं राहू.

गोल्फच्या पूर्ण मैदानात अठरा होल असतात. प्रत्येकाची सुरुवात ‘टी’पासून होते. टी म्हणजे पहिला फटका मारण्याची आखून दिलेली जागा. तिथून गवताचा लांब पट्टा जातो, त्याला फेअरवे म्हणतात. शेवटी अगदी बारीक कापलेली हिरवळ, म्हणजे ग्रीन, आणि त्यात चार इंचांहून थोडं मोठं भोक. चेंडू कमीत कमी फटक्यांत त्या भोकात घालायचा. पट्टीचा खेळाडू किती फटक्यांत ते करील याचा आकडा ठरलेला असतो, त्याला ‘पार’ म्हणतात. पार चार असेल तर हिशेब असा: दोन फटक्यांत ग्रीनवर पोचायचं आणि दोन हलक्या टोल्यांत चेंडू आत ढकलायचा.

आता मोजमाप बघा. मैदानाची अवघडता ठरवणारे लोक डोळ्यांपुढे काही नमुन्याचे खेळाडू ठेवतात. हौसेनं खेळणारा मध्यम दर्जाचा पुरुष टीवरून साधारण २०० यार्ड मारतो आणि ३७० यार्डांचं होल दोन फटक्यांत गाठतो, असं ते धरतात. त्याच दर्जाची बाई १५० यार्ड मारते आणि २८० यार्डांचं होल दोन फटक्यांत गाठते. दोघांच्या कौशल्याची पायरी एकच. अंतरात मात्र ९० यार्डांचा, म्हणजे सुमारे ८२ मीटरांचा फरक.

त्या बाईला पुरुषाच्याच टीवर उभं केलं, तर तिनं दोन्ही फटके निर्दोष मारले तरी ग्रीन ९० यार्ड लांबच राहणार. तिसरा फटका लागणारच. चूक तिची नाही, आखणीची आहे. हेच अठरा होलांच्या बहुतेक जागी होत राहिलं, तर दिवसाच्या शेवटी तिच्या नावापुढे मोठा आकडा दिसतो, मागची मंडळी खोळंबतात, आणि ‘बायका सावकाश खेळतात’ असा शेरा बसतो. हा शेरा ऐकून कितीजणी परत फिरकल्या नसतील! तिची टी ९० यार्ड पुढे आणली की चित्र पालटतं. त्याच दोन फटक्यांत ती ग्रीनवर पोचते. वाटेतला वाळूचा खड्डा, पाण्याचं डबकं, वळण हे सगळं तिच्याही फटक्याच्या टप्प्यात येतं, आणि मैदान आखणाऱ्यानं जे कोडं घातलं होतं, ते तिलाही सोडवायला मिळतं.

या पुढच्या टीला वर्षानुवर्षं ‘लेडीज टी’ म्हणायचे. आता जाणती मैदानं टीला नुसते रंग किंवा आकडे देतात, कारण पुढची टी बायकांची नसून जवळ मारणाऱ्यांची आहे. सत्तरीतले आजोबा तिथून खेळतात, दहा वर्षांचा मुलगाही खेळतो. आणि लांब मारणारी तरुणी मागच्या टीवरून खेळते.

खरी जादू पुढे आहे. टी वेगळ्या झाल्या, पण एकाला तीस वर्षांचा सराव आणि दुसरीला दोन वर्षांचा, तर सामना कसा रंगणार? त्यासाठी हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या दर्जानुसार ठरणारी फटक्यांची सूट. प्रत्येक खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्या नोंदवल्या जातात. त्यांतल्या सर्वांत चांगल्या आठ निवडून त्यांची सरासरी काढतात. वीसच्या वीस का घेत नाहीत? कारण मोजायचं असतं ते माणूस रोज कसा खेळतो हे नव्हे, तर त्याच्यात किती दम आहे हे. शिवाय प्रत्येक फेरी कुठल्या मैदानावर, कुठल्या टीवरून खेळली याचाही हिशेब धरतात. पट्टीच्या खेळाडूच्या तुलनेत मध्यम खेळाडूला ते मैदान किती जास्त अवघड जातं, हे ‘स्लोप’ नावाच्या आकड्यात मांडतात. मध्यम मैदानाचा स्लोप ११३, सोप्यात सोप्या मैदानाचा ५५ आणि अवघडात अवघड मैदानाचा १५५. एकाच टीसाठी पुरुषांचा आकडा वेगळा आणि बायकांचा वेगळा असतो.

समजा, आजी आणि नात खेळताहेत. आजीचा हँडिकॅप तीस, नातीचा बारा. फरक अठराचा, म्हणजे अठरा होलांत प्रत्येक होलावर आजीला एक फटका सूट. एखादं होल नातीनं पाच फटक्यांत संपवलं आणि आजीनं सहा, तर सहातून एक वजा, पाच. बरोबरी! पुढच्या होलावर नातीला पुन्हा सहज पाच जमले आणि आजीनंही आज नेम साधून पाचातच संपवलं, तर ते होल आजीचं. फरक अठराऐवजी सातच असता, तर सात फटक्यांची सूट सर्वांत अवघड सात होलांवर मिळाली असती, कारण मैदानातल्या प्रत्येक होलाला अवघडपणाचा क्रमांक दिलेला असतो. आजी जिंकते ती दयेवर नाही. ती जिंकते कारण आज ती स्वतःच्या मापापेक्षा सरस खेळली.

लहानपणी लपाछपी खेळताना धाकट्या भावंडाला आपण कच्चा लिंबू करायचो. त्याला पळू द्यायचं, ओरडू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. तो खेळात असायचा आणि नसायचाही. हँडिकॅपनं गोल्फमध्ये कच्चा लिंबू ही जागाच पुसून टाकली. इथं प्रत्येकाचा प्रत्येक फटका मोजला जातो आणि प्रत्येकावर राज्य येतं.

मग एवढी न्यायाची व्यवस्था हाताशी असताना बायका इतकी वर्षं बाहेर कशा राहिल्या? याचं उत्तर शोधायला मागं जावं लागतं.

स्कॉटलंडमध्ये मसलबरा गावी १८११ च्या नववर्षदिनी मासे विकणाऱ्या बायकांची गोल्फस्पर्धा झाली. बक्षीस होतं मासळीची नवी टोपली आणि रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फस्पर्धेची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. डोक्यावर-पाठीवर मासळीची ओझी वाहून कसलेल्या या कष्टकरी बायकांना ‘हा खेळ तुम्हाला झेपेल का’ असं कुणी विचारलं नाही. प्रश्न पडू लागले ते खेळ प्रतिष्ठितांच्या क्लबांत गेल्यावर. सेंट अँड्र्यूजला १८६७ साली बायकांचा क्लब निघाला, पण त्यांनी खेळायचं ते पटिंगच, म्हणजे ग्रीनवरचे हलके टोले. खांद्याच्या वर काठी उचलून बाईनं जोरात फटका मारणं तेव्हा अशोभनीय मानलं जाई. त्यांना मिळालेली जमीन उंचसखल, टेकाडा-टेकाडांची. त्या जागेला पुढं नाव पडलं ‘हिमालय’! आज तिथं कुणीही थोडे पैसे भरून खेळू शकतं.

१८९३ साली ब्रिटनमधल्या बायकांनी लेडीज गोल्फ युनियन ही स्वतःची संघटना काढली. होरेस हचिन्सन या त्या काळच्या नामांकित गोल्फपटूनं आधीच पत्र लिहून बजावलं होतं की असल्या स्पर्धा बायकांना जमणार नाहीत आणि संघटनाही टिकणार नाही. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि लेडी मार्गारेट स्कॉट जिंकल्या. पुढची दोन्ही वर्षंही त्याच जिंकल्या. त्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरल्या त्या इसेट पिअरसन, संघटनेच्या सचिव. खेळाच्या इतिहासात मला सर्वांत मोठ्या वाटतात त्या या हरलेल्या बाई.

कारण पिअरसनबाईंनी एक किचकट काम हाती घेतलं. तेव्हा प्रत्येक क्लबचा हँडिकॅप आपापला, मनाला येईल तसा. एका गावचा दहाचा खेळाडू दुसऱ्या गावी गेला की त्याचे दहा खरे की खोटे, कुणाला ठाऊक? पिअरसनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या मैदानांची पारख करून, नोंदी मागवून, देशभर एकच माप चालेल अशी पद्धत बसवली. तिथल्या पुरुषांच्या संघटनांना अशी एकसारखी पद्धत आणायला १९२०चं दशक उजाडावं लागलं. २०२० साली जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र होऊन एकच जागतिक हँडिकॅप पद्धत आली, आणि त्यात स्त्री-पुरुष दोघांसाठी हँडिकॅपची कमाल मर्यादा एकच ठेवली, ५४. ज्यांना खेळात घेत नव्हते, त्यांनीच सगळ्यांना खेळात घेण्याचं माप पक्कं करून ठेवलं होतं. हे वाचलं तेव्हा मी खरंच थक्क झालो.

दारं मात्र उघडायला फार वेळ लागला. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं बायकांना सभासद करायचा ठराव केला सप्टेंबर २०१४ मध्ये, स्थापनेनंतर २६० वर्षांनी. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलनं पहिल्या दोन बायकांना घेतलं २०१२ साली. स्कॉटलंडच्या म्यूरफिल्डमध्ये २०१६ साली बहुमत बायकांच्या बाजूनं होतं, पण लागणारं दोन-तृतीयांश भरलं नाही. मोठ्या स्पर्धेचा मान जातोय म्हटल्यावर पुढच्या वर्षी ठराव मंजूर झाला, आणि २०२२ साली त्याच मैदानावर महिलांची ब्रिटिश ओपन रंगली.

‘आत कोण’ हा प्रश्न आपल्या मुंबईलाही नवा नाही. इथं रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ सालीच निघाला होता, पण गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव असे. १९१८ साली विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब उघडला तो गोरे आणि हिंदी दोघांसाठी. ज्यांनी रंगावरून बंद झालेलं दार सोसलं, त्यांच्या वारसांना बाईपणावरून बंद झालेलं दार लगेच ओळखू यायला हवं.

आणि कधी कधी बाई आत गेली, जिंकली, तरी कुणी तिला ते सांगितलंच नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बायकांचं गोल्फ झालं, शहरापासून दूर काँप्येन्यला, नऊ होलांचं. जिंकली मार्गारेट अॅबट ही अमेरिकन मुलगी, ४७ फटक्यांत. तिचा जन्म कोलकात्याचा! तिची आई मेरी हीसुद्धा त्याच स्पर्धेत खेळली. आयोजन इतकं ढिसाळ होतं की हे ऑलिंपिक आहे हे मार्गारेटला कळलंच नाही. १९५५ साली ती वारली, तोवर आपण अमेरिकेची पहिली ऑलिंपिक विजेती आहोत याचा तिला पत्ता नव्हता. पुढं फ्लोरिडाच्या पॉला वेल्च या प्राध्यापक बाईंनी चिकाटीनं माग काढला, तेव्हा ते उजेडात आलं. १९०० नंतर ऑलिंपिकमध्ये बायकांचं गोल्फ पुन्हा आलं ते थेट २०१६ साली, रिओला. मधे ११६ वर्षं गेली. आणि रिओच्या त्या मैदानात उतरली होती १८ वर्षांची अदिती. तेव्हा पिशवी वडिलांच्या खांद्यावर होती.

अदितीच्या घरात आधी कुणीही गोल्फ खेळत नव्हतं. ती पाच वर्षांची असताना घरची मंडळी जिथं नाश्त्याला जात, तिथून शेजारचं कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान दिसे. कुतूहल वाटलं, जाऊन बघितलं, बाहेरच्यांना तिथं चेंडू मारून बघता येत होता. वडील आणि लेक बरोबरीनं शिकले. सभासदाची शिफारस आणा, असं कुणी त्या दिवशी म्हटलं असतं, तर आपल्या देशानं ती टोकियोची पहाट पाहिलीच नसती. २०१६ साली अदितीनं महिलांची इंडियन ओपन जिंकली. लेडीज युरोपियन टूरवरची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय.

टोकियोला भारताची दुसरी खेळाडू होती हरियाणाची दीक्षा डागर. डावखुरी, आणि जन्मापासून ऐकू न येणारी. तिनं २०१७ च्या डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे बधिर खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये, रौप्य मिळवलं, आणि टोकियोनंतर २०२२ साली ब्राझीलला झालेल्या डेफलिंपिक्समध्ये सुवर्ण. त्याआधी २०१९ साली, १८ वर्षांची असताना, ती दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकून आली होती. आज देशात महिला व्यावसायिकांचा स्वतंत्र गोल्फ दौरा आहे आणि त्याचे टप्पे मुंबई-पुण्यातही होतात.

मग स्वागत म्हणजे नेमकं काय? पुढची टी नीट, सपाट आणि विचारानं आखलेली, कोपऱ्यात कशीबशी खुणा ठोकलेली नव्हे. तिच्या उंचीच्या आणि वेगाच्या काठ्या, कारण पुरुषाची जड आणि ताठ काठी हातात दिली की चेंडू उडतच नाही आणि दोष तिच्या मनगटाला लागतो. मैदानाच्या मध्यावर स्वच्छतागृह, कारण अठरा होलांची फेरी चार तासांहून जास्त चालते आणि पायपीट आठ किलोमीटरपर्यंत होते. नऊ होलांची छोटी फेरी, म्हणजे घरचं आणि नोकरीचं सांभाळून येता येईल. सुट्टीच्या सकाळची वेळ तिलाही मिळणं. शिकवायला बाई असणं. २०१८ साली निघालेल्या ‘विमेन इन गोल्फ’ सनदेवर सह्या करणाऱ्या संस्थांनी बायका-मुलींचा सहभाग आणि पदांवरची संख्या वाढवायचं लेखी कबूल केलं आहे. क्लबच्या कार्यकारिणीत बाई बसली की स्वच्छतागृहाचा विषय पहिल्याच बैठकीत निघतो.

यातला कुठला मुद्दा नेरला लागू नाही? गोल्फचं मोठं मैदान यवतमाळ जिल्ह्यात व्हावं असं मी म्हणणार नाही. त्याला शंभराहून जास्त एकर लागतात आणि पाणी तर विचारूच नका. आपल्या उन्हाळ्यात ते पाणी आधी शेताला आणि घराला. पण खेळाला हिरवळच लागते असंही नाही. कोरड्या मुलखात वाळू आणि तेल दाबून केलेल्या जागेवर पटिंग चालतं, तिला ‘ब्राउन’ म्हणतात. आणि पटिंग हा लहानसा भाग नव्हे. पार ७२ चं मैदान असेल तर अठरा ग्रीनवर दोन-दोन असे ३६ टोले हिशेबात धरलेले असतात. म्हणजे अर्धा खेळ. त्या अर्ध्या खेळाला ताकद लागत नाही. नजर लागते, हात स्थिर लागतो, जमिनीचा उतार वाचता यावा लागतो. ज्या बायका आयुष्यभर पाणी कुठं मुरतं आणि कुठं वाहतं हे पायांनी ओळखत आल्या, त्यांना उतार वाचायला शिकवावं लागेल असं मला वाटत नाही. एखाद्या शाळेनं कोपऱ्यात दाबलेल्या मातीचे नऊ होल केले, तर आई, लेक, आजी आणि सर एकाच खेळात उतरू शकतात, आणि वही-पेन्सिलवर हँडिकॅपही मांडता येतो.

आपल्या तालुक्यात नवं क्रीडांगण आखायचं ठरतं, तेव्हा पहिल्या दिवशी चुना आणि टेप घेऊन उभे राहणारे बहुधा पुरुषच असतात. धावपट्टी आधी आखली जाते, मुलींची कपडे बदलायची खोली ‘पुढच्या टप्प्यात’ जाते, दिव्यांचा खांब मुलांच्या क्रिकेटच्या बाजूला लागतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो. ज्याच्या हातात टेप असतो, त्याला स्वतःच्या शरीराचं आणि स्वतःच्या वेळापत्रकाचं माप आपसूक सुचतं, एवढंच. इसेट पिअरसन यांनी सवलत मागितली नाही. त्यांनी टेप हातात घेतला, मैदानं मोजली आणि आकडे लिहून ठेवले. सव्वाशे वर्षांनंतर साऱ्या जगाचं गोल्फ त्याच विचारावर चालतं. नेरच्या पुढच्या मैदानाच्या आखणीला दोन शिक्षिका आणि कबड्डीच्या संघातल्या चार मुली हजर असाव्यात, आणि त्यांनी सांगितलेलं माप नकाशावर चढावं. त्याला वेगळा निधी लागत नाही. आखणीच्या दिवशी त्यांना बोलवावं लागतं.